मानेवरची लव

न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला माणूस बोलतो. मान खाली, डोळे मिटलेले, गळ्याभोवती फडकं – असा माणूस देवळात बोलणार नाही ते बोलून जातो. माझ्या खुर्चीत बसून एकाने भावाचा आंब्याचा बाग कसा लाटला ते सांगितलं. एकाने बापाच्या शेवटच्या दिवसांत घरी जायचं कसं टाळलं ते सांगितलं. मी हूं हूं म्हटलं, कातर चालवली, आणि ते सगळं केसांबरोबर झाडून टाकलं. कुणाचं इकडचं तिकडे केलं नाही. पण माझं काय? मी कुणाच्या खुर्चीत बसलो? आज जे लिहितोय त्यातलं एक अक्षर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. मुलीच्या नाही. देवाच्याही नाही – त्याला कळलं असेल तर ते त्याचं त्याला. माझ्या तोंडून गेलेलं नाही.

मराठी चौथी शिकलो. त्यामुळे लिहिणं सरळ येत नाही. आणि ही गोष्ट अशी आहे की तिच्याकडे सरळ जाववतच नाही. चार वेळा सुरुवात केली, चारी वेळा तिच्या आजारपणाचं लिहीत बसलो. आजारपणाचं लिहायला सोपं. त्यात मी चांगला दिसतो.

तर ते आधी उरकून टाकतो.

माझी बायको द्वारका. मुंबईच्या गिरण्या बंद होत्या त्या सालात, आंबा उतरायच्या दिवसांत, तिच्या छातीत गाठ लागली. इथल्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. कॅन्सर. तिकडे ऑपरेशन झालं, मग इंजेक्शनं सुरू झाली. तिचा भाऊ लालबागला, गिरणी बंद म्हणून घरीच. त्याच्या खोलीत उतरायचं, इंजेक्शन घ्यायचं, एस.टी.ने परत यायचं, थोडे दिवस गेले की पुन्हा जायचं. वाटेत ती ओकायची. मी डबा धरायचो, डबा धुवायचो. घरी पेज मी करायचो, भांडी मी घासायचो. स्टँडजवळ माझं सलून – सलून म्हणजे एक खुर्ची, एक आरसा – ते आठ-आठ दिवस बंद राहायचं. रत्नागिरीत आजही कुणाला विचारा, सांगतील, म्हाताऱ्याने बायकोचं केलं तसं कुणी करत नाही. आमच्या आळीतल्या बायका आपल्या नवऱ्यांना माझं नाव घेऊन टोमणे मारायच्या.

ते खोटं नाही. ते मी सगळं केलं. म्हणून तर बोलायला एवढी वर्षं गेली. चांगला म्हणवून घ्यायची चटक लागते माणसाला – तंबाखूपेक्षा वाईट.

आता केसांचं सांगतो. नाही – केसांच्या आधी वस्तऱ्याचं सांगायला पाहिजे. त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही.

माझा बापूसही न्हावी. त्याचं दुकान नव्हतं. खांद्याला धोकटी लावून घरोघर जायचा. धोकटी म्हणजे हत्यारांची चामड्याची पिशवी – कातर, वस्तरे, वाटी, धार लावायचा पट्टा. ती धोकटी आमच्या पडवीत खुंटीला असायची, माजघरात कधी येत नसे. माझी आवस – म्हणजे आई – झाडताना तिच्याखालून वाकून जायची, पण पदर लागू द्यायची नाही. ती आमच्या घरची रीत होती. दुसऱ्या न्हाव्यांच्यात असेल नसेल, मला ठाऊक नाही.

रीत कशावरून पडली? त्या धोकटीच्या तळाशी, मळक्या फडक्यात, एक वस्तरा वेगळा असायचा. शिंगाच्या मुठीचा. तो पुरुषाला लावायचा नाही. नवरा मेलेल्या बाईचं डोकं उतरायला – सगळे केस काढायला – तो.

आता हे कुणाला आठवत नाही, किंवा आठवायचं नसतं. माझ्या तरुणपणी काही जुन्या घरांत ते चालायचं. बापाचे डोळे अधू झाले, हात कापायला लागला, तेव्हा ते काम त्याने माझ्यावर टाकलं. मला मिसरूड फुटलेलं. पहिल्यांदा बापाबरोबर गेलो ते एका घराच्या मागल्या दारी. केळीखाली पाट मांडलेला. त्यावर एक मुलगी, भिंतीकडे तोंड करून. माझ्याच वयाची असेल. बाप म्हणाला होता, तोंडाकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हात थांबवायचा नाही. मी तसंच केलं. केस ओले होते, जड होते, माझ्या पायावर पडत होते. ती रडत नव्हती. तिच्या मानेवर बारीक लव होती, ती काढताना मात्र तिने एकदा अंग चोरलं.

काम झाल्यावर पऱ्ह्यावर, ओढ्याच्या पाण्यात, आंघोळ करून मगच घरी यायचं. येताना वाटेत बाप म्हणाला – हे शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखे बसलेत – "आधी घो मरतो, मग वस्तरा फिरतो. हे उलटं होऊ द्यायचं नाय. बाईच्या डोक्यावर वस्तरा आधी फिरला तर मागाहून घो जातो. आपल्या घरच्या बायलमाणसाला वस्तरा दाखवायचा नाय, मेलास तरी."

अशी दोन-तीन डोकी मी उतरली असतील. मग ती चाल बंद पडली, देवाची कृपा. बाप गेला. मी स्टँडजवळ सलून काढलं, नवे वस्तरे घेतले. ती धोकटी मात्र पडवीत खुंटीलाच राहिली, तळाशी ते फडकं तसंच.

आता केस.

द्वारकाचे केस काही वर्णन करावे असे नव्हते. चार बायकांचे असतात तसे. सरळ, काळे, मग पिकलेले. रविवारी शिकेकाईने न्हायची आणि खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उन्हाला पाठ करून बसायची. सुरंगी फुलायच्या दिवसांत त्या फुलांचा वळेसर माळायची – वास अख्ख्या घरात. मी सबंध गावाच्या डोक्याला हात लावला, पण तिच्या डोक्याला कामासाठी कधी हात लावला नाही. गरजच नव्हती. ती गमतीने म्हणायची, "न्हाव्याची बायको म्हणून माझा काय फायदा झाला सांगा बघू?"

मुंबईला दुसऱ्या खेपेला इंजेक्शन होतं तेव्हा, लाल रंगाचं ते औषध चढत असताना, तिथल्या सिस्टरने मला बाहेर बोलावलं. केरळातली बाई, मराठी मोडकं, पण बोलणं मायेचं. म्हणाली, "बाबा, आता केस जाणार हां सगळे. घरी गेल्यावर न्हाव्याला बोलवा, काढून टाका. राहू देऊ नका. पडताना मुळं फार दुखतात, जखम होते."

मी न्हावी आहे, हे मी तिला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? तिथेच सुरू झालं होतं बहुतेक. मी नुसतं म्हटलं, "बघतो."

घरी आलो आणि श्रावणात केस सुटायला लागले. तुम्ही कधी बघितलंय का? गळणं वेगळं, हे वेगळं. उशीवर झुबका. ताटात केस. न्हाणीच्या मोरीत पाणी तुंबायचं. जे पडत नव्हते ते पडलेल्यांत गुंतून बसले, तेल लावून लावून काथ्याचा गुंडा झाला मागच्या बाजूला. उशीला डोकं टेकवता येईना. मुळं ठणकायची. पाटावर बसून, भिंतीला कपाळ टेकून ती झोपायची. एकदा पेज खाताना तोंडातून केस ओढून काढला, बघितला, आणि ताट बाजूला सारलं. तक्रार करणारी बाई नव्हती ती. छाती कापली तेव्हा रडली नाही. पण त्या दिवशी म्हणाली,

"अहो, काढून टाका आता हे. तुमचा हात हलका हाय, सगळा गाव सांगतो. मला कधी कळणार तो हात?"

तुम्हाला वाटेल, मी लोकांना घाबरलो. सवाष्ण बाईचं डोकं बोडकं, आळीतले काय म्हणतील – नाही. हे मी मुलीला सांगितलं असतं तर असंच सांगितलं असतं. लोकांना घाबरणं बरं दिसतं. मग काय, तिला दुखेल म्हणून? तेही नाही.

मी म्हटलं, "डॉक्टर नाय म्हणालेत. वस्तरा लावायचा नाय म्हणून बजावलंय त्यांनी. कातडी नाजूक झालेली असते."

एका दमात म्हटलं. खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. "असं? मग राहू दे. ते सांगतात ते बरोबरच असणार."

हीच ती गोष्ट. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. सिस्टरने तर उलटं सांगितलं होतं. मी खोटं बोललो, कारण मला मरायचं नव्हतं. तिच्या डोक्यावर माझ्या हाताने वस्तरा फिरला असता, तर मागाहून मी गेलो असतो – एवढंच होतं माझ्या डोक्यात. घरात मरणाच्या दारात ती बसलेली, आणि जीव मी माझा सांभाळत होतो. खडखडीत होतो मी. साठी उलटलेली, पण दात सगळे शाबूत.

आणि तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या न्हाव्याला का नाही बोलावलं? बोलावता आलं असतं. चार दुकानं सोडून एक होता, चांगला पोरगा. पण ती मग म्हणाली असती, याचा वस्तरा चालतो तर तुमचा का नाही? माझं खोटं उघडं पडलं असतं. एका खोट्याला राखायला मी तिला तसं राहू दिलं. आणि खरं सांगू? वस्तरा कुणाच्या हातातला, याने बापाच्या बोलण्यात फरक पडतो की नाही, हेही मला नक्की ठाऊक नव्हतं. म्हणून कुणाचाच नको.

रोज सकाळी तिला पेज देऊन मी दुकानात जायचो आणि गावाची डोकी साफ करायचो. गणपती जवळ आलेले, मुंबईचे लोक उतरलेले, खुर्ची रिकामी राहत नव्हती. माझा हात तेव्हाही हलकाच होता. लोक डोळे मिटून बसायचे. आणि घरी ती पाटावर बसून भिंतीला कपाळ लावायची.

गौरीच्या ओवशाला – सवाष्णी सुपं भरून गौरीला ओवाळतात त्याला – ती त्या वर्षी गेली नाही. सूप भरलं होतं – नारळ, पानं, हळदकुंकू, सगळं लावलं. शेजारच्या बायका हाक मारायला आल्या. तिने पदर कपाळापर्यंत ओढला, दारात गेली, म्हणाली, पाय सुजलेत, तुम्ही जा. मग आत येऊन सुपातलं एकेक परत डब्यात भरून ठेवलं. मी ओट्यावर बसून ते बघितलं. तेव्हा तरी? नाही. तेव्हाही नाही.

गौरी-गणपती गेले. एका दुपारी मी दुकानातून जेवायला आलो तर ती खळ्यात उन्हात बसलेली. पदर खांद्यावर. डोकं साफ. म्हणजे साफ नव्हे – भातकापणी झालेल्या मळ्यासारखं, कुठे खुंट, कुठे कातडी, कुठे रक्त सुकलेलं. कानामागे चांगलाच काप गेलेला, त्यावर हळद दाबलेली.

हसली. मला म्हणते, "कसा हाय माझा हात? ठेवाल काय दुकानात?"

मी चपला काढून ओट्याशी आलो.

"डॉक्टरांना सांगू नका हां," म्हणाली. "ओरडतील. पण मला नाय सोसवलं वो."

मी विचारलं, वस्तरा कुठला घेतलास? माझे सगळे तर दुकानात. तर म्हणाली, मामंजींच्या धोकटीतला, तळाला होता तो. कामाचा घेतला असता तर तुमची धार गेली असती, हा नुसताच पडलेला. धुऊन, पुसून, त्याच फडक्यात बांधून तिने परत ठेवला होता. गाठसुद्धा तशीच मारलेली.

शिंगाच्या मुठीचा. वर्षानुवर्षं न परजलेला, गंजलेला. तिला त्याचं काही माहीत नव्हतं – निदान मला तेव्हा तसं वाटलं. मी ती धोकटी बघत उभा राहिलो आणि पहिला विचार कोणता आला, सांगू? तिच्या जखमेचा नाही. मनात आलं – हात माझा नव्हता, तेव्हा मला लागू नसेल.

असा माणूस आहे मी.

आठवड्याभरात कानामागे पू झाला, ताप भरला. त्या औषधाने अंगात ताकद राहत नाही, साधा काप भरून येत नाही. तापातच तिला मुंबईला नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पदर बाजूला केला आणि कपाळाला आठ्या घातल्या. इंजेक्शन त्या खेपेला दिलं नाही. आधी हे बरं होऊ दे म्हणाले, वॉर्डात ठेवून घेतलं. त्याने पुढचं सगळं मागे पडलं. त्यामुळेच दुखणं उलटलं का? मला माहीत नाही. मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

पण त्या दिवसाचं राहिलं. डॉक्टर जखम धूत होते आणि ती लहान पोरासारखी म्हणाली, "चुकलं माझं साहेब. तुम्ही वस्तरा नको म्हणून सांगितलं होतं. मी लपून केलं."

डॉक्टर म्हणाले, "मी? मी कशाला असं सांगेन? उलट काढूनच टाकायचे असतात, त्रास कमी होतो. सिस्टरने नाही का सांगितलं?"

मी पलंगाच्या पायथ्याशी, हातात चहाचा थर्मास. तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. डोक्यावर पाणी ओततात तेव्हा माणूस डोळे मिटून घेतो ना, तेवढाच वेळ. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "मग या वॉर्डातलंच कुणी बोललं असेल बायकांपैकी. माझाच घोटाळा झाला."

"न्हावी मिळाला नाही का तुमच्याकडे?" डॉक्टरांनी विचारलं. सहज. त्यांना काय ठाऊक?

"मिळाला असता," ती म्हणाली. "मीच बोलावला नाय."

एका शब्दाची गरज होती माझ्याकडून. साहेब, मी न्हावी आहे, आणि मी खोटं बोललो. एवढंच. शेजारच्या खाटेवरची बाई बघत होती, सिस्टर बघत होती – तीच, केरळातली. मी थर्मासचं झाकण फिरवत राहिलो. म्हटलं, "चहा देऊ काय?"

परतताना सबंध वाटेत ती त्याबद्दल बोलली नाही. चिपळूणला गाडी थांबली तेव्हा भजी खावीशी वाटतात म्हणाली. मी आणली. दोन खाल्ली, बाकीची मला दिली. पुढे कधीच तो विषय तिने काढला नाही. भांडली असती तर? शिव्या घातल्या असत्या तर? मी वाट बघत होतो त्याची. पण माफी मी मागितली नाही. ती बोलत नाही तर आपण कशाला उकरा – असं म्हणत दिवस काढले. असे दिवस निघतात. आरामात निघतात.

इंजेक्शनं संपली. पुढच्या आंब्याच्या दिवसांत तिच्या डोक्यावर काहीतरी दिसायला लागलं. चोखून टाकलेल्या कोयीवर तंतू राहतात ना, तसं. मऊ, रंग धड नाही. ती सारखा हात फिरवायची. चुलीपुढे बसली की फिरवायची, माझ्याशी बोलताना फिरवायची. पावसाळ्यात ते काळसर झाले आणि – कुरळे आले. जन्मभर सरळ केसांची बाई, कॅन्सरनंतर कुरळी झाली. आमची मुलगी कुसुम पावस गावी दिलेली, ती दिवाळीला आली आणि दारातच थांबली. "आये, मुंबईला जाऊन केस कुरळे करून घेतलेस काय गो? सिनेमात कामबीम मिळालं वाटतं!" द्वारका इतकी हसली की खोकला लागला. मग दर येणाऱ्याला सांगायची, हात लावून बघा, लावा, कोकराची लोकर आहे. तिचा पदर डोक्यावरून उतरला तो उतरला. पूर्वी कधी एवढी मिरवली नव्हती.

त्याच्या पुढच्या चैत्रात हळदीकुंकवाला जायचं होतं. केस मानेपर्यंत आलेले, कुरळे म्हणून चहूकडे पसरलेले. एका सकाळी खळ्यात पाट टाकला, त्यावर बसली, स्वतःच गळ्याभोवती फडकं गुंडाळलं आणि म्हणाली, "या. जरा सारखे करून द्या. वळेसर बसायला पाहिजे."

मी कातर आणली, फणी आणली. कातरीची मनाई नव्हती – कातरीने कोण मरतं? आणि पहिल्यांदा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, तिचं डोकं माझ्या हातात आलं. हलकं होतं. एकेक वळण फणीवर घेऊन कापत होतो. ती डोळे मिटून बसली, माझ्या गिऱ्हाइकांसारखी. काहीतरी बोलेल असं वाटलं. कुठेतरी शेजाऱ्याचा रेडिओ चालला होता. मला वाटलं, झालं, एवढ्याने फिटलं.

मग मान राहिली.

केस सारखे केले की मानेवरची लव वस्तऱ्याने काढायची, तेव्हा काम पुरं होतं. कुठल्याही न्हाव्याला विचारा. तिच्या मानेवर ती बारीक नवी लव, उन्हात सोनेरी दिसत होती. दुकानातला वस्तरा बरोबर आणला होता, सवयीने. मी तो उघडला.

आणि मिटला.

सगळं कळून चुकल्यावर. कानामागचा व्रण समोर दिसत असताना. हिने माझं खोटं आपल्या अंगावर घेतलं, हे ठाऊक असताना. पहिल्या वेळेला म्हणता येईल, अडाणी माणूस, बापाचं भय, घाबरला. पण त्या सकाळी? त्या सकाळी मी घाबरून नाही मिटला. शांतपणे मिटला. हिशेब करून मिटला. तिला हवं ते दिलं, आता एवढं माझ्यासाठी राहू दे, असा.

वस्तरा उघडताना आवाज होतो, मिटताना वेगळा होतो. न्हाव्याच्या बायकोला ते दोन्ही आवाज कळतात. तिने हात मागे नेला, मानेवर बोटं फिरवली.

"लव राहिली की वो."

"बायकांना चालते," मी म्हटलं.

"गिऱ्हाइकाला असं सोडता काय? दुकान बंद पडेल तुमचं." हसत होती. मग फडकं सोडून उठली, केस झटकले, आणि माझ्याकडे वळून, त्याच हसऱ्या तोंडाने म्हणाली, "असू दे. जगा शंभर वर्षं."

म्हणजे तिला ठाऊक होतं. धोकटीतल्या त्या वस्तऱ्याचंही ठाऊक असणार, सासूने सांगितलं असणार कधीतरी. सगळं ठाऊक असून तिने तोच उचलला होता की काय? ते मला आता कळणार नाही.

त्या दिवशी ती सुरंगीचा वळेसर माळून हळदीकुंकवाला गेली. वास ती परत येईपर्यंत घरात होता.

पावसाळ्यात पाठ दुखायला लागली. हाडांत गेलेलं. या वेळेला मुंबईचे डॉक्टर म्हणाले, घरीच न्या. दिवाळीच्या आधी गेली.

बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. कुरळ्या केसांत फुलं माळली. आळीतली प्रत्येक बाई म्हणत होती, सोनं झालं गो हिचं, भरल्या कपाळाने गेली, नवऱ्याच्या आधी गेली, भाग्याची. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होत्या, तुमच्या सेवेचं फळ. मी मान हलवत होतो. तिला तिरडीवर घेताना मान जरा कलली आणि फुलांच्या खाली ती लव दिसली.

मुलगा नाही, म्हणून अग्नी मीच दिला. त्याच्या आधी चार दुकानं सोडून होता तो पोरगा आला आणि त्याने माझं डोकं उतरलं, मिशी उतरली. कोरड्या पानासारखा हलका वस्तरा फिरला. कुणी मेलं की पुरुषाचं उतरतात ते त्या एका दिवसापुरतं. मग वाढू देतात. दिवाळीनंतर माझे केस परत आले – तेच, जुने, खरखरीत. कुरळे नाहीत.

दुकान आता त्याच पोराला दिलंय. फार वेळ उभं राहवत नाही म्हणून दाढीचं काम करत नाही. पण सकाळी जाऊन बसतो. त्याने केस कापले की मान साफ करायला तो मला हाक मारतो, "काका, या" – म्हणतो, मानेला तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. मग मी उठतो, वस्तरा उघडतो, डावा अंगठा कानाखाली ठेवतो, आणि एका ओढीत खालपर्यंत काढतो. लव राहत नाही. आजवर कुणाचीच राहिलेली नाही. एकीची सोडून.